सेस्ना १७२ किती सुरक्षित? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वैमानिक नाही, हँगरमधला माणूस आहे. छोटी विमानं उघडायची, तपासायची, पुन्हा बांधायची आणि ‘उडायला योग्य’ म्हणून सही करायची, हे माझं काम. बारावीचे निकाल लागले की पालकांचे प्रश्न सुरू होतात. पावसाळा आला की शिकणाऱ्या मुलांचे येतात. कुठे छोटं विमान पडल्याची बातमी आली की दोघांचेही येतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदाच बसून उत्तरं लिहिली. सोपे प्रश्न आधी घेतलेत, किचकट नंतर. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. सेस्ना १७२ म्हणजे नेमकं कोणतं विमान?

पंख डोक्यावर, खाली तीन चाकं, पुढे एक पंखा आणि आत चार जागा. फ्लाइंग स्कूलच्या फोटोत बहुतेक वेळा हेच असतं. ते १९५५ साली पहिल्यांदा उडालं आणि १९५६ पासून विकायला आलं. आजवर ४४,००० हून जास्त बनली. जगात दुसरं कुठलंही विमान एवढ्या संख्येने बनलेलं नाही. १९८६ ते १९९६ अशी दहा वर्षं मात्र उत्पादन बंद होतं. तीस-तीस वर्षं जुनी विमानं पडायची आणि खटला बनवणाऱ्यावर व्हायचा, त्याने कंपन्या टेकीला आल्या होत्या. १९९४ मध्ये अमेरिकेने कायदा करून या जबाबदारीला अठरा वर्षांची मुदत घातली, तेव्हा कारखाना पुन्हा सुरू झाला. म्हणून आज हँगरमध्ये दोन पिढ्या दिसतात : १९८६ च्या आधीची कार्ब्युरेटरवाली आणि १९९६ नंतरची फ्युएल इंजेक्शनवाली (१७२आर आणि १७२एस). ‘१७२’ विचारताना कोणती, ते आधी सांगा. अर्धी उत्तरं त्यावर बदलतात.

दोन जागांचं सेस्ना १५२ हे याचं धाकटं भावंड. खालचं बरंचसं त्यालाही लागू आहे.

२. एका वाक्यात सांगा, सुरक्षित आहे की नाही?

छोट्या विमानांत हे सर्वांत सुरक्षितांपैकी एक, पण छोटी विमानं म्हणजे एअरलाइन नव्हे.

आता आकडा. अमेरिकेत खासगी आणि प्रशिक्षणाच्या छोट्या विमानांचं उड्डाण सर्वांत जास्त, त्यामुळे हिशेबही तिथलाच नीट मिळतो. या सगळ्या वर्गात साधारण एक लाख तासांमागे एक प्राणघातक अपघात होतो. १७२ चं प्रमाण या सरासरीहून कमी आहे. सरासरीच धरली तरी वर्षाला ८०० तास उडणाऱ्या एका विमानाला एक लाख तास भरायला सव्वाशे वर्षं लागतील. ऐकायला बरं वाटतं. पण संस्थेकडे अशी दहा विमानं असतील तर हाच हिशेब साडेबारा वर्षांवर येतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मी पालकांना दोन्ही सांगतो.

३. इंजिन एकच आहे. ते बंद पडलं तर विमान दगडासारखं खाली येतं का?

नाही. हा गैरसमज सर्वांत जुना.

इंजिन बंद पडलं की १७२ घसरगुंडीवरून उतरल्यासारखं तरंगत खाली येतं. १७२एसचा वेग ६८ नॉट, म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटर धरला, तर दर हजार फुटांमागे ते साधारण पावणेतीन किलोमीटर पुढे जातं. तीन हजार फुटांवर इंजिन गेलं तर हातात आठ किलोमीटर आणि चारेक मिनिटं असतात. तेवढ्यात शेत निवडायचं, वाऱ्याची दिशा बघायची, रेडिओवर कळवायचं, इंधनाची कळ आणि स्विच पुन्हा तपासायचे. शिकवताना हे इतक्या वेळा घोटून घेतात की मुलं कंटाळतात.

दुसरी जमेची बाजू म्हणजे कमी वेग. पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली उघडणाऱ्या झडपा म्हणजे फ्लॅप. ते पूर्ण उघडले की हे विमान ४० नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी ७५ किलोमीटरला जमिनीवर टेकवता येतं. आदळण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे वेग निम्मा तर जोर पाव. हातात असलेलं विमान शेतात उतरवलं तर पंख मोडतो, पुढचं चाक तुटतं, पण माणसं बहुधा चालत बाहेर येतात.

धोका वेगळ्या ठिकाणी आहे. धावपट्टी सोडल्यावर तीन-चारशे फुटांवर इंजिन गेलं, की हात आपोआप मागे वळायला बघतात, कारण पट्टी मागे आहे. तेवढ्या उंचीत वळण पूर्ण होत नाही. समोर जे आहे त्यातच, थोडंफार इकडेतिकडे करून उतरायचं. हे कळतं सगळ्यांना, पण त्या क्षणी समोर बाभळी दिसत असतात आणि मागे डांबर.

४. मग बहुतेक अपघात होतात तरी कशाने?

इथे दोन याद्या वेगळ्या करा.

जास्त होणारे अपघात उतरतानाचे. चेंडूसारख्या उड्या, आडव्या वाऱ्यात पट्टीबाहेर जाणं, पुढच्या चाकावर आधी टेकणं. यात माणसाला बहुतेक वेळा खरचटतही नाही; मार विमानाला बसतो. १७२ चं पुढचं चाक फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीला जोडलेलं असतं. नाकावर आपटलं की त्या पत्र्याला सुरकुत्या पडतात. माझ्या हँगर आयुष्यातला सर्वांत मोठा वेळ या सुरकुत्या बॅटरीच्या उजेडात शोधण्यात गेलाय.

जीव घेणारे अपघात वेगळे : ढगात शिरणं (प्रश्न १०), कमी उंचीवर वेग हरवून स्टॉल होणं, आणि कुणाच्या तरी गावावरून, घरावरून खाली उतरून घिरट्या घालणं. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे, हे इथेच सांगतो. नाक फार वर केल्यामुळे पंखावरची हवा सुटते आणि उचल जाते, तो स्टॉल. सरळ उडताना १७२एसमध्ये तो ४८ नॉटला येतो. ६० अंश कललेल्या वळणात तोच ४१ टक्के वाढून ६८ नॉटवर जातो. खाली मित्र हात हलवतोय, वैमानिक त्याच्याकडे बघत वळण आणखी आवळतोय आणि वेगाच्या काट्याकडे कुणाचंच लक्ष नाही. या अपघाताच्या चौकशीत विमानाचा दोष शोधून सापडत नाही.

हे विमान चुका पोटात घालतं. स्टॉल झालं तर हात ढिले सोडले की बहुधा आपोआप सावरतं. म्हणूनच ते शिकायला चांगलं, आणि म्हणूनच शंभर-दीडशे तास झालेल्या मुलाला वाटतं, आपल्याला येतं. माझ्या मते १७२ चा खरा धोका तोच आहे.

५. स्टॉल होण्याआधी काही सूचना मिळते का?

मिळते, आणि तीही विजेशिवाय. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटी फट असते. नाक जास्त वर गेलं की तिथली हवा ओढली जाते आणि आत बाजाच्या पेटीसारखी एक पट्टी वाजते. स्टॉलच्या पाच-दहा नॉट आधी पिपाणी सुरू होते. उड्डाणाआधी ती तपासायची रीत मजेशीर आहे : फटीवर स्वच्छ रुमाल धरायचा, तोंड लावायचं आणि हवा ओढायची. वाजली की ठीक. रुमाल मुद्दाम सांगतो, कारण त्या फटीत घर करायला कुंभारमाशीला फार आवडतं.

६. इंधन संपून विमान पडलं, असं वाचतो. पेट्रोल बघत नाहीत का?

गाडीत काटा लाल रेघेवर आला की आपण अजून वीस किलोमीटर काढतो ना, तीच सवय. आकाशात पंप नसतो. छोट्या विमानांच्या अपघातांत हे कारण वर्षानुवर्षं पहिल्या काहींत आहे, आणि त्यासारखं टाळता येण्याजोगं दुसरं नाही.

काट्यावर भरवसा ठेवू नका. जुन्या १७२ चे काटे तरंगत्या गोळ्यावर चालतात आणि वळणात वाट्टेल ते दाखवतात. शिडीवर चढायचं, झाकण उघडायचं, डिपस्टिक बुडवायची. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरं म्हणजे पाणी. पंखावरच्या झाकणाचं रबर कडक झालं की पावसाचं पाणी टाकीत उतरतं. ते पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळाला बसतं आणि इंजिनकडे आधी तेच जातं. नव्या १७२एसला पाणी काढायच्या तेरा जागा आहेत : दोन्ही पंखांना पाच-पाच आणि पोटाखाली तीन. पारदर्शक कपात थोडं थोडं काढून उजेडात धरायचं. विमानाचं पेट्रोल, म्हणजे अ‍ॅव्हगॅस १०० एलएल, फिकट निळं असतं. तळाशी रंगहीन थेंब वेगळा डोलताना दिसला तर ते पाणी. एकदा एका मुलाने मला कप दाखवून “सर, एकदम क्लीन” म्हटलं. कपात निळेपणाच नव्हता. सगळं पाणीच होतं. तेव्हापासून मी शिकवतो, स्वच्छ आहे का ते नंतर, निळं आहे का ते आधी.

७. कोकणात, २८ डिग्री उकाड्यात, इंजिनात बर्फ कसा होईल?

होतो, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत जास्त होतो. हे फक्त जुन्या, कार्ब्युरेटरवाल्या १७२ (आणि १५२) बद्दल. इंजेक्शनवाल्यांना हा त्रास नाही.

कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते आणि पेट्रोलची वाफ होते, तेव्हा तिथलं तापमान वीस अंशांहूनही जास्त खाली येऊ शकतं. बाहेर २५ डिग्री आणि हवेत भरपूर बाष्प असलं की आत बर्फ जमायला लागतो. सर्वांत वाईट वेळ म्हणजे उतरताना थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमीजास्त करायची दांडी) मागे घेतलेलं असतं ती. झडप जवळजवळ बंद, फट बारीक, तेवढी बुजायला बर्फ किती लागतो? वैमानिकाला कळत नाही, कारण त्याने शक्ती स्वतःच कमी केलेली असते. पट्टी जवळ आल्यावर थ्रॉटल पुढे ढकलतो आणि काही होत नाही.

उपाय आहे कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणारी ‘कार्ब हीट’ची दांडी. ती पूर्ण ओढायची, अर्धी नाही. गंमत अशी, की ओढल्यावर बर्फ वितळून पाणी इंजिनात जातं, इंजिन खोकतं, आरपीएम आणखी पडतो. नवशिका घाबरून दांडी परत ढकलतो. तिथेच घात होतो. खोकू द्यावं, थोड्या वेळात मोकळं होतं.

८. उड्डाण करतानाच वैमानिकाची सीट मागे सरकते, हे खरं आहे का?

खरं आहे. हा विमानाचा दोष, वैमानिकाचा नव्हे, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

सेस्नाची पुढची सीट दोन रुळांवर मागेपुढे होते. रुळांना भोकं असतात आणि सीटखालची पिन भोकात बसून सीट अडकते. हजारो वेळा बसून-उठून भोकं लांबट होतात, पिन झिजते, घरंगळणारी चाकं सैल होतात. पिन अर्धवट बसली तरी जमिनीवर सीट घट्ट वाटते. उड्डाणाच्या वेळी नाक वर होतं, विमान पुढे झेपावतं आणि सीट मागे सुटते. माणूस पडताना हाताशी आहे ते धरतो, हाताशी असतं विमानाचं सुकाणू. ते छातीशी ओढलं जातं, नाक आणखी वर जातं, स्टॉल. पाय पेडलपर्यंत पोचत नाहीत. उंची शंभर-दोनशे फूट.

यात माणसं गेली आहेत. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९८७ मध्ये सक्तीचा आदेश काढला : रूळ, भोकं, पिना, चाकं यांची दर शंभर तासांनी किंवा वार्षिक तपासणीत मोजमाप घ्यायचं. २०११ मध्ये तो आदेश नव्याने निघाला. मधल्या काळात, १९८९ साली फ्लोरिडात पडलेल्या एका सेस्ना १८५ च्या खटल्यात ज्युरीने २००१ मध्ये ४८ कोटी डॉलरची भरपाई ठोठावली. १८५ हे वेगळं मॉडेल, पण सीटची तऱ्हा हीच. नंतर कंपनीने सीट सुटली तर पट्ट्याने धरून ठेवणारी दुसरी कडी उपलब्ध करून दिली. तुमच्या विमानात ती बसवली आहे का, हे विचारायला लाजू नका.

आणि मी सही केलेली असली तरीही बसल्यावर सीट दोन्ही हातांनी, अंग मागे टाकून, जोरात हलवा. ‘टक्’ असा पिन बसल्याचा आवाज ऐकल्याशिवाय पट्टा बांधू नका.

९. आमच्या मुलीच्या संस्थेतलं विमान चाळीस वर्षांचं आहे. एवढ्या जुन्या विमानात बसवायचं?

विमानाचं वय एसटीच्या वयासारखं मोजू नका. त्याचं इंजिन साधारण दोन हजार तासांनी पूर्ण उघडून नवं केल्यासारखं होतं, पंखा वेगळा तपासला जातो, केबल, होज, टायर बदलत राहतात. मूळचा राहतो तो सांगाडा. म्हणून खरे प्रश्न दोन : सांगाड्याला गंज आहे का आणि थकव्याची चीर आहे का.

१७२ ला इथे एक बांधणीचा फायदा आहे. पंखाला खालून तिरका आधार, स्ट्रट, असतो आणि तो बराच भार घेतो. स्ट्रट नसलेल्या विमानांत सगळा भार पंखाच्या मुळाशी येतो. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात एका सेस्ना २१० चा पंख हवेत तुटला, ते विमान बिनस्ट्रटचं होतं. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीचजवळ प्रशिक्षणाच्या एका पायपर अ‍ॅरोचा पंख थकव्याच्या चिरेमुळे निखळला आणि आतले दोघेही गेले. ते विमान पन्नास वर्षांचं नव्हतं, दहा-अकरा वर्षांचं होतं. फक्त त्याने शाळेत हजारो तास काढले होते, हजारो वेळा जमिनीवर आपटलं होतं. वर्षं कमी, श्रम जास्त.

याचा अर्थ जुन्या १७२ ला काही होत नाही असा नाही. समुद्राजवळ उघड्यावर उभी असलेली विमानं आतून कुरतडली जातात. कंपनीने जुन्या विमानांसाठी जादा तपासणीची वेगळी पुस्तिका काढली आहे. ती त्या संस्थेत पाळतात का, हे विचारा. आणखी काय विचारायचं ते प्रश्न १४ मध्ये.

जुन्यांतलं एक इंजिन मात्र खरंच बदनाम होतं. १९७७ पासून १७२एनला लायकमिंगचं ओ-३२०-एच२एडी बसवलं जाई. त्याचे कॅमशाफ्ट आणि टॅपेट लवकर खरवडून जात. शिवाय दोन मॅग्नेटो (बॅटरीशिवाय इंजिनाला ठिणगी देणारी यंत्रं, एक गेलं तर दुसरं असावं म्हणून दोन) एकाच डब्यात, एकाच शाफ्टवर. म्हणजे नावाला दोन. पुढे सुधारणा झाल्या, तेलात खास द्रव्य घालायचं ठरलं. चार वर्षांत कंपनीने इंजिनच बदललं.

१०. “थोडा ढग होता, आत शिरलो आणि बाहेर आलो,” असं मित्र सांगतो. एवढं काय त्यात?

मित्राला सांगा, पुन्हा करू नकोस.

ढगात क्षितिज दिसत नाही. क्षितिज नसलं की आपला कान फसवतो : विमान कललेलं असतं आणि शरीर सांगतं, सरळ आहे. इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेले वीस वैमानिक घेतले, बाहेरचं दिसणार नाही अशी व्यवस्था केली. विसांच्या विसांचा ताबा सुटला. सर्वांत लवकर वीस सेकंदांत, सर्वांत उशिरा आठ मिनिटांत. सरासरी १७८ सेकंद. तीन मिनिटंही नाहीत.

बॉक्सर रॉकी मार्सियानो गेला तो सेस्ना १७२ मध्येच. ३१ ऑगस्ट १९६९, रात्र, खराब हवा, शिकागोहून डे मॉइनकडे निघालेलं विमान आयोवातल्या न्यूटनजवळ झाडावर आदळलं. वैमानिकाकडे उपकरणांवर उडायचा परवाना नव्हता. दुसऱ्या दिवशी मार्सियानोचा ४६ वा वाढदिवस होता. तिघेही दगावले. विमानाची तक्रार नव्हती.

केनेडींचा मुलगाही १७२ मध्येच गेला, असं अनेकजण लिहितात. ते चूक. १६ जुलै १९९९ चं ते विमान पायपर साराटोगा होतं. कारण मात्र याच जातीचं : रात्र, धुरकट हवा, समुद्रावर क्षितिज नाही.

११. चार सीट आहेत. मग आई-बाबा आणि भावाला घेऊन एक चक्कर मारू?

परवाना असेल तर मारा, पण आधी कागद-पेन घ्या.

१७२एसचं जास्तीत जास्त वजन सुमारे ११५७ किलो. रिकामं विमान साधारण साडेसातशे ते पावणेआठशे. उरले चारशेच्या आसपास. टाक्या भरल्या की दीडशेच्या जवळ गेले. राहिले अडीचशे किंवा त्याहूनही कमी. त्यात चार मोठी माणसं बसत नाहीत. दोन मोठी, दोन लहान मुलं बसतात. इंधन कमी घेतलं तर चौघं जमतील, पण मग प्रश्न ६ पुन्हा वाचा.

आता त्यात विदर्भाचा मे महिना घाला. नागपूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १०३३ फुटांवर आहे. पारा ४५ वर गेला की हवा इतकी विरळ होते, की इंजिन आणि पंख यांच्या दृष्टीने ते जवळजवळ ४,८०० फुटांवर असतं. म्हणजे उड्डाण महाबळेश्वरहूनही उंच जागेवरून चाललंय. पट्टी जास्त लागते, चढ मंदावतो. म्हणून उन्हाळ्यात शहाण्या संस्था सकाळी लवकर आणि संध्याकाळी उडवतात. दुपारी एकला पोरं हँगरच्या सावलीत बसून डबे खातात, तेच बरं.

१२. छोट्या विमानामुळे मोठं विमान पडल्याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि त्यात १७२ च होतं. २५ सप्टेंबर १९७८, सॅन डिएगो, स्वच्छ सकाळ. पॅसिफिक साउथवेस्ट एअरलाइन्सचं बोइंग ७२७ उतरायला येत होतं. खाली एका सेस्ना १७२ मध्ये शिक्षक आणि शिकणारा उपकरणांवरच्या उड्डाणाचा सराव करत होते. बोइंगला सेस्नाची सूचना मिळाली होती. दिसलं म्हणाले, मग दिसेनासं झालं, आणि ते मागे पडलं असेल असा समज करून घेतला. सेस्नानेही सांगितलेली दिशा सोडली होती. जमिनीवरच्या रडारवर टकरीचा इशारा वाजला, पण तसे खोटे इशारे नेहमीच वाजत. २,६०० फुटांवर टक्कर झाली. १४४ माणसं गेली, त्यात सात जमिनीवरची.

आज प्रवासी विमानात टक्कर टाळणारी यंत्रणा असते, ती तयार करण्याच्या कामाला या अपघाताने वेग आला. पण ती यंत्रणा समोरच्या विमानाच्या ट्रान्सपाँडरचं, म्हणजे आपली ओळख आणि उंची रेडिओने कळवणाऱ्या उपकरणाचं ऐकते. छोट्या विमानाने तो चालू ठेवला नाही तर काही उपयोग नाही. आणि १७२ च्या वैमानिकाने एक लक्षात ठेवायचं : पंख डोक्यावर आहे, ज्या बाजूला वळाल ती बाजू तोच झाकतो. वळण्याआधी तो पंख किंचित उचलून पलीकडे बघा.

१३. काही विमानांत “फ्लॅप उघडे असताना स्लिप टाळा” अशी पट्टी दिसते. बंदी आहे का? आणि स्पिन?

‘टाळा’ म्हणजे बंदी नव्हे. विमान तिरकं धरून उंची पटकन कमी करायची त्याला स्लिप म्हणतात. जास्त फ्लॅपसह हे केलं तर काही मॉडेलमध्ये शेपटीवरची हवा विसकटते आणि नाक वरखाली डुलतं. उंचीवर त्यात काही विशेष नाही, जमिनीजवळ नको. तुमच्या विमानाच्या पुस्तिकेत जो शब्द आहे तोच धरा; इंटरनेटवरच्या वादात पडू नका. याच्याशी जोडलेली दुसरी गोष्ट : जुन्या १७२ चे फ्लॅप ४० अंश उघडत. १९८१ च्या १७२पीपासून ते ३० वर आणले. चाळीस अंशांवर उतरणं छान होई, पण ऐनवेळी पुन्हा वर जायचं ठरलं आणि फ्लॅप तसेच राहिले तर विमान चढायचंच नाही.

स्पिनचं, म्हणजे स्टॉल झालेलं विमान गिरक्या घेत खाली येतं त्याचं असं : त्याच विमानात, वजन कमी आणि मागे कुणी नसेल अशा ‘युटिलिटी’ मांडणीत परवानगी असते, चौघं बसली की सक्त मनाई. परवानगी आहे म्हणून एकट्याने करू नका.

१४. प्रवेश घेण्याआधी संस्थेत काय बघावं?

पालक इमारत बघतात, सिम्युलेटर बघतात, गणवेश बघतात. मी असतो तर हे बघितलं असतं.

हँगरमध्ये किती विमानं उडण्याजोगी आहेत आणि किती सुटे भाग काढून कोपऱ्यात उभी आहेत. लॉगबुक मागा : सांगाड्याची, इंजिनाची, पंख्याची अशी वेगवेगळी असतात. मध्येच सहा महिने कोरे असतील तर तेव्हा काय झालं होतं ते विचारा. पंखा जमिनीला लागला असेल तर इंजिन उघडून तपासल्याची नोंद हवी. नुसता पंखा बदलून भागत नाही, आतल्या क्रँकशाफ्टला हिसका बसलेला असतो. ही नोंद लपवण्याचा मोह मोठा असतो. एका ठिकाणी मला अशी सही करायला सांगितली होती. मी ती केली नाही आणि ती नोकरीही राहिली नाही.

आणि मुलांना बाजूला घेऊन एकच विचारा : “हवा वाईट आहे, आज नाही उडणार, असं तू म्हणालास तर इथे काय होतं?” उत्तरापेक्षा ते उत्तर देताना मूल इकडेतिकडे बघतं का, ते बघा.

१५. बारामती, इंदापूर, गोंदिया इथले अपघात १७२ चेच का?

नाही. बातमीत ‘प्रशिक्षणार्थी विमान’ एवढंच असतं, म्हणून सगळं एकात जातं. २५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत शेतात कोसळलं ते बारामतीहून उडालेलं सेस्ना १५२. एकटीच असलेली प्रशिक्षणार्थी किरकोळ जखमांवर वाचली. १८ मार्च २०२३ ला गोंदियाच्या बिरसी धावपट्टीवरून गेलेलं आणि बालाघाटच्या डोंगरात पडलेलं विमान डायमंड डीए-४० होतं. त्यात दोघांचा जीव गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन पडली, ती टेकनाम.

बातमीवरून कारण ठरवू नका. आपल्याकडे तपास विमान अपघात अन्वेषण विभाग करतो आणि अंतिम अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर येतात. अहवालाचा हेतू दोषी ठरवणं नसून पुढचा अपघात टाळणं असतो, त्यामुळे भाषा कोरडी असते. मी आधी देखभालीचा भाग वाचतो, मग हवामान, मग त्या वैमानिकाने गेल्या तीन महिन्यांत किती तास उडवलंय ते. निष्कर्ष सर्वांत शेवटी.

१६. सिरस विमानाला पॅराशूट असतं. १७२ ला का नाही?

बसवता येतं, २००२ पासून मंजूर किट आहे. पण प्रश्न ११ चा हिशेब आठवा, किटचंही वजन असतं. शाळा म्हणूनच ते घेत नाहीत. सिरसमध्ये ते मुळातच बसवलेलं येतं आणि २००२ पासून त्याने खरोखर जीव वाचवलेत. मात्र सिरस धावपट्टीवर १७२ पेक्षा जास्त वेगाने उतरतं. स्वस्तात जास्त फायदा देणारी वस्तू म्हणजे खांद्यावरचा पट्टा. अमेरिकेत पुढच्या सीटला तो जुलै १९७८ नंतर बनलेल्या विमानांपासून सक्तीचा झाला, त्याआधीच्या काही विमानांत नुसता कमरेचाच असे. जुन्या विमानात बसाल तेव्हा वर हात घालून बघा, आहे का.

१७. १७२ दोन महिने हवेतच होतं, ही थाप आहे ना?

थाप नाही. ४ डिसेंबर १९५८ ला लास वेगासहून दोघेजण एका १७२ मध्ये उडाले आणि ७ फेब्रुवारी १९५९ ला उतरले. ६४ दिवस, २२ तास, १९ मिनिटं. एका हॉटेलची जाहिरात होती. वाळवंटातल्या सरळ रस्त्यावर ट्रक विमानाखालून धावायचा आणि दोर-नळी वर ओढून इंधन आणि जेवण घ्यायचे. एका पहाटे चालवणाऱ्याला डोळा लागला. तासाभराने जागा झाला तेव्हा विमान ऑटोपायलटवर आपलं चाललेलंच होतं. पुढे जनरेटरही गेला. दिवे नाहीत, हीटर नाही, पंप हाताने मारायचा. इंजिन मात्र चालू राहिलं, कारण मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. दीड हजारावर तास सलग चालल्यावर आत इतका कार्बन साठला, की भरल्या टाक्यांनी चढवेना, तेव्हा उतरले. ते विमान लास वेगासच्या विमानतळावर, सामान घ्यायच्या पट्ट्यांच्या वर टांगलेलं आहे.